दोन बोटं सैल

पहिल्या तीन गोळ्या नीट जातात.
पन्नास मीटरवर तीन काळ्या चकत्या
पांढऱ्या होतात. मग चौथी खाली,
पाचवी तिच्याही खाली.
प्रशिक्षक म्हणतो, श्वास. म्हणतो, कोपर.
वाऱ्याचं निशाण काठीला चिकटून लोंबतंय
तरी वाऱ्यालाही एकदा बोलून घेतो.

सीरू उठते, पोटावरचं बर्फ झटकते,
गोळ्या काढून रायफल माझ्या टेबलावर आणून ठेवते.
मी बूट शिवणारा. कुह्मोच्या बाजारात
चाळीस वर्षं शिवले. आता या रेंजवर
शेगडीत बर्चची लाकडं सारतो, कॉफी उकळतो,
कुणाचं काही तुटलं तर बघतो.
नेमबाजीतलं मला ओ की ठो कळत नाही.
पट्टा कळतो.

एक टोक दंडाला, एक लाकडाला,
मधे ताण. बंदूक त्या ताणावर निजते,
हाताने उचलून धरायची नसते.
ताण ढळला की नळी केसभर झुकते
आणि इथला केस तिथे पोचेस्तोवर
चार बोटं जाड होतो.

खिशातून सुतारी पेन्सिल काढली.
बकलच्या कडेला लागून पट्ट्यावर
आडवी रेघ मारली. म्हटलं, जा, पाच झाड.
परत आली तेव्हा रेघ
बकल सोडून दोन बोटं पुढे गेली होती.
म्हणजे घोडं इथं पेंड खात होतं.
श्वासाला उगाच शिव्या बसल्या.

शेपूट एकदाच ओवलेलं होतं.
ते मागे फिरवून मधल्या दांडीवरून
पुन्हा आत घातलं, पट्ट्यानेच पट्टा दाबावा म्हणून.
जा, पाच झाड.
एक बोट.
दांडी झिजून आरशासारखी झालेली;
कानशीने तिच्यावर आडवे चरे ओढले.
अर्धं बोट.
एका जुन्या पाठपिशवीचं जाड बकल लावलं.
तरी अर्धंच.
प्रशिक्षक घड्याळ बघून निघून गेला.

मग बुटाशी करतो तेच केलं.
पट्टा नाकाशी नेला.
नख ओढलं, नखाखाली
पांढरी, बारीक वळवटी आली.
हे मेण आहे, म्हटलं. स्कीचं.

सीरूने शेगडीकडे पाहिलं.
मागच्या फेब्रुवारीत पट्टा भिजला,
गोठला, सुकटासारखा ताठ झाला,
दंडाच्या कडीत अडकेचना. ती शर्यत गेली.
"आईने लावलंय," ती म्हणाली.
"दोन्ही बाजूंनी. इस्त्रीने जिरवलंय.
पाणी धरू नये म्हणून."

तिची आई, माइरे, ओंडक्यांचा ट्रक चालवते,
रात्रपाळी, कायानीच्या गिरणीपर्यंत आणि परत.
मला ते स्वयंपाकघर दिसलं:
अंगात कोट चढलेला, किल्ल्या टेबलावर,
आणि ती बाई वाकून
दोन बोटं रुंदीच्या पट्टीला
स्कीसारखं मेण पाजतेय,
एक कोपरा सुटू न देता.

आम्ही काही बोललो नाही.
पावाच्या पुड्याचा तपकिरी कागद घेतला,
पट्टा त्यात ठेवला, वरून
निवत आलेली इस्त्री फिरवली.
कागदावर डाग उमटला, तेलकट, पारदर्शक,
त्यातून टेबलाचं लाकूड दिसावं असा.
दुसरा कागद. तिसरा.
सहाव्यावर डाग आला नाही.

नवी रेघ मारली.
पाच गोळ्या. रेघ जागच्या जागी,
बकलला गाल लावून.
चार चकत्या पांढऱ्या. एक काळीच.
"ती माझी," सीरू म्हणाली. "बोट ओढलं मी."
पहिल्यांदाच खूश दिसली.

अंधार पडल्यावर ट्रकचे दिवे
कुंपणावरून फिरले. माइरे खाली उतरली नाही,
काच खाली करून विचारलं,
पट्टा गोठतो का गं अजून?

"नाही," सीरू म्हणाली. "अजिबात नाही."
मी सहाही कागद शेगडीत घातले.
मेणाचे होते. भसकन पेटले.