त्रुटी

दुसऱ्या शाखेतले चार क्रेडिट सक्तीचे होते.
मधमाशीपालन भरलं होतं, बेकरीसुद्धा.
उरलं भौतिकशास्त्र, मंगळवार-गुरुवार, दुपारी अडीच,
आणि मी, संस्कृत, दुसरं वर्ष,
शेवटच्या बाकावर, जिथून फळा तिरका दिसतो
आणि समीकरणं घसरत घसरत
खिडकीतल्या कडुनिंबात जातात.

वैष्णव मॅडम म्हणाल्या, समजा घर्षण नाही.
समजा हवा नाही. दोऱ्याला वजन नाही.
गोळा म्हणजे नुसता एक बिंदू.
मी समजत गेले.
समजा म्हटल्यावर समजणं
आणि समजणं, या दोन्हींत
एवढं अंतर असेल असं वाटलं नव्हतं.
मागे कुणीतरी जांभई दिली. तिला मात्र वजन होतं.

प्रयोगशाळेत माझ्या जोडीला झंखना, कॉमर्सची.
मीटरभर दोरा, पितळी गोळा, वीस झोके मोजायचे.
ती गुजरातीत मोजायची, मी मराठीत,
ओठातल्या ओठात.
ती थांबली वीसवर, मी एकोणीसवर.
पुन्हा केलं. पुन्हा तेच.
घड्याळ तिच्या हातात, म्हणून आकडा तिचा.
उत्तर आलं दहा पूर्णांक नऊ.
म्हणजे बडोद्यात पृथ्वी
बाकी जगापेक्षा जरा जास्त ओढते.
मला ते खोटं वाटलं नाही.
पुण्याला नोकरी धरलेला माझा मामा
दर दोन महिन्यांनी
शेव-उसळीचं निमित्त काढून येतोच.

रमणकाका बाटल्या पुसत होते.
वर न बघता म्हणाले,
नव पॉईंट आठ लखी नाखो, बधा ए ज लखे छे.
झंखनानं लिहून टाकलं.
मी दहा पूर्णांक नऊच ठेवलं,
प्रामाणिकपणानं नव्हे,
खोडरबर नव्हतं म्हणून.

वही परत आली. आकड्याभोवती लाल गोल,
बाजूला एकच शब्द: त्रुटी?
हा शब्द मला माहीत होता.
आमच्याकडे त्रुटी म्हणजे काळाचा कण,
कमळाच्या पाकळीतून सुई आरपार जायला
लागतो तेवढा.
त्यांच्याकडे त्रुटी म्हणजे चूक.
रात्री पोथीशेजारी वही उघडी ठेवून बसले.
एका शब्दाची दोन घरं,
आणि मी दोन्हीकडे पाहुणी.

रविवारी दांडिया बाजारात, सुमतीआत्याकडे,
दिवाणखान्यातला हिंचका.
आत्या त्यावर बसून मेथी निवडत होती,
पायाच्या अंगठ्यानं जमीन ढकलत.
म्हटलं, पाय वर घे, मला मोजायचंय.
दहा झोके, सव्वीस सेकंद.
मग ती खाली उतरली, मी रिकामा हिंचका सोडला:
सव्वीस, आणि वर अगदी थोडं.
आत्या म्हणाली, म्हणजे माझं ब्याऐंशी किलो
त्याला कळलंच नाही?
जवळजवळ नाही, मी म्हटलं.
बरा आहे तुझा विषय, ती म्हणाली,
डॉक्टरांना सांग.

मग तिनंच मला पकडलं.
अगं, सोडतानाच एक काय म्हणतेस?
अजून गेला कुठे तो?
जाऊन परत आला की एक.
मी पुन्हा सोडला. या वेळी म्हटलं, शून्य.
कड्या कुरकुरल्या. पितळी साखळीवरून
उन्हाचा एक तुकडा वर गेला, खाली आला.
एक.
मंगळवारी झंखनाला सांगायचं होतं
की तिची वीस ही माझी एकोणीस होती,
आणि मीही घरी येऊन तिच्यासारखीच मोजत होते.
दहा झाल्यावर घड्याळ बंद केलं.
आत्या मेथी घेऊन आत गेली.
हिंचका थांबायला तयार नव्हता,
लहान लहान होत, त्याच तालात,
आणि मी, मोजायचं काहीच उरलेलं नसताना,
अकरा म्हटलं.