लाल कुठं गेला

बेरिलबाईंनी चार नग दिले, चादरीत गुंडाळून,
सोबत बिस्किटांचा एक डबा,
डब्यात बोल्ट, वायसर, एक ड्रमची किल्ली.
"नॉर्मनचे. पैसे नकोत. वाजू देत फक्त."
आणि रिकामी ट्रॉली ओढत त्या निघाल्या
बर्नलीच्या उतारावरून, बसस्टॉपकडे.

लाल चकाकी होती ड्रमना,
साठ वर्षांत कडेकडेनं तपकिरी पडलेली,
मोठ्या ड्रमवर सिगारेटचे दोन चटके.
हॉस्पिटलातला डेक्लन म्हणाला, काढ ते प्लास्टिक,
आतलं लाकूड बघ. खरं रूप तेच.

मी दिवसभर माणसांच्या आतलंच बघते.
"श्वास धरा, हलू नका": पंधरा वर्षं हेच वाक्य.
वाटलं, हे जमेल आपल्याला.

शनिवारी गॅरेजात हेअर ड्रायर धरला सांध्यावर.
जुना डिंक मऊ व्हायला वेळ घेतो.
घाई केली की प्लास्टिकबरोबर लाकडाचा पापुद्रा येतो,
हे मी पहिल्या ड्रमवर शिकले,
म्हणजे तो बिघडवून शिकले.

आत सुंदर असं काही नव्हतं.
पुट्टी. दोन जातींच्या फळ्या शेजारी शेजारी,
एक फिकट, एक कातासारखी तांबूस.
जोडणाऱ्याला ठाऊक होतं, यावर लाल चढणार आहे.
त्यानं गोलाई सांभाळली, रूप नाही.
आतल्या बाजूला पेन्सिलीनं ४१२,
आणि खाली बरोबरची खूण:
कुणीतरी कुणाला तरी म्हणालं होतं,
ठीक आहे, जाऊ दे पुढं.

ऐंशी नंबरचा काचपेपर, मग एकशेवीस,
मग दोनशेचाळीस.
आमच्याकडे अक्षर घोटतात, मात्रा घोटतात, सूर घोटतात.
जानेवारीत, दोन स्वेटर घालून लाकूड घोटताना कळलं,
घोटणं म्हणजे रोज थोडं कमी करणं.
भुसा चहात पडला. प्यायले.

मधल्या ड्रमला एक भोक होतं, कारखान्याचं नव्हे.
वाकडं. घरच्या ड्रिलनं पाडलेलं,
बहुतेक घाईत, बहुतेक रागात.
खुंटी कापली, बसवून पाहिली,
परत काढून खिशात टाकली.

तेलाचा पहिला हात दिला तेव्हा लाकूड गटागटा प्यायलं,
पुट्टी नाही प्यायली. भाजल्याच्या वणासारखी
पांढरी राहिली.
डेक्लनला फोटो पाठवला.
"थोडा रंग दे तिथं, नैसर्गिक दिसेल."
मी हसले.
मग दिला.

फेब्रुवारीत बेरिलबाई आल्या, हातमोजे न काढता उभ्या राहिल्या.
"लाल कुठं गेला?"
मी रेषा दाखवल्या, तेल सांगितलं, नंबर दाखवला.
"छान आहे," म्हणाल्या. "कपाटासारखं."
मग बऱ्याच वेळानं:
"क्लबात दिवे उतरवायचे ना शुक्रवारी,
तेव्हा नॉर्मन दिसायचाच नाही.
नुसता लाल दिसायचा. मी त्यावरूनच ओळखायचे,
अजून बसलाय, अजून घरी यायचाय."

हातमोजा काढून त्यांनी भोकात करंगळी घातली.
"हे मी पाडलं. त्याचा हात प्लास्टरमध्ये होता
आणि त्याला एका हातानं वाजवायचं होतं सगळं.
तिरकं गेलं. बोलला नाही काही."

खिशातली खुंटी मी मुठीत धरून राहिले.

त्यांनी काठी उचलली, एकदाच मारली.
गॅरेजच्या पत्र्यानं थोडा वेळ तो आवाज धरून ठेवला.
"आवाज तोच आहे," म्हणाल्या.
की तसं म्हणावं लागतं म्हणून म्हणाल्या,
मला सांगता येणार नाही.
हे आत बघून कळत नाही.

प्लास्टिकची गुंडाळी शिडीमागं अजून उभी आहे.
न्यायला त्या विसरल्या, किंवा नसतील विसरल्या.
उलगडायला जावं तर हातातून निसटते,
परत गोल होते,
आत ड्रम असल्यासारखी.