सतरा नंबरची

चौलच्या अलीकडे, पोफळीच्या आगरात
पाट खणताना लागली ती पहिली कवटी.
आगरवाल्याने करवंटी समजून उचलली,
मग खाली ठेवली, चपला काढल्या
आणि बाजूला उभा राहिला.

त्याला आता दोन वर्षं.
एकेचाळीस माणसं उचलली आम्ही
कुंचल्याने, बांबूच्या काडीने.
वल्ही मारून जाड झालेले दंड,
घोट्यावर उकिडवं बसल्याचे वळ,
एकाच्या दाढा पानाने अजून तांबूस.
पाचसहाशे वर्षं चूळ भरली नाही गृहस्थाने.

लहानपणी जे पाणी प्यावं
त्याचा कातळ दातावर चढतो
आणि उतरत नाही.
हाड बदलत राहतं. दात हट्टी.
दाढेतून कणीएवढा तुकडा काढायचा,
पुण्याला पाठवायचा,
वाट बघायची.

तेवढ्यात गाव येऊन विचारून जातं.
आमचे का हो? मशिदीचे मुतवल्ली.
आमचे असतील, नाही? एलिझर किहीमकर, काठी टेकत.
कोळीवाड्यातला हिरू तर ठामच:
आमी जालतो, तरी खांदे बघा ना!

अहवाल आला सतरा नंबरचा.
बाई. तिशीच्या आत. कुशीला मूल, दोनेक वर्षांचं.
मुलाचं पाणी इथलं.
तिचं नाही.
समुद्रापलीकडचं असेल, नाहीतर खाली दक्षिणेचं,
आकडा दोन्हीकडे बसतो.
मी रकान्यात लिहिलं: परकी.

सुगंधा थळे माती चाळत होती. थांबली.
परकी म्हंजे?
बाहेरून आलेली.
मंग माजा पन दात लिवा त्यान.
मी नागोठन्याची, सासू उरनची.
या गावान कंच्या बाईचा दात या गावचा हाय, सांगा.

मी तिला सांगितलं नाही
की नागोठण्याचा कातळही हाच, काळा,
यंत्र तिला इथलीच म्हणेल.
मलाही म्हणेल, सोलापूरच्या बोअरवर वाढलेल्या मला,
जिला अजून भरतीची वेळ
दुसऱ्याला विचारावी लागते.

चाळणीत दुधाची एक दाढ उरली होती.
पुसू नको म्हणेपर्यंत
तिने ती पदराला पुसली,
उजेडात धरली.

आगरातला पंप सुरू झाला.
पाणी पाटाने येताना दिसलं तशी
आम्ही खोकी उचलून जोत्यावर ठेवली,
मुलाचं आधी.
रकान्यातला शब्द खोडलाय.
वर काय लिहायचं, बघू.