मळ्ळी

भद्रावती पेठेत, मागांवरच्या माडीत,
पंचवीस पत्ते:
वर्तुळ, फुली, लाटा, चौकोन, चांदणी.
जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर
मीच काढलेले, बोरूने.
एकेक डोळ्यांसमोर धरायचा, मनात म्हणायचा;
समोर चंद्रव्वा येमूल, कांड्या भरणारी,
तिने ओळखायचं.

गल्लीतली हरवलेली जोडवी तिला सापडत, म्हणे.
दिराची तार यायच्या आधीच
तिने चुलीवर पाणी ओतलं होतं, म्हणे.
हे ‘म्हणे’ वहीत कुठल्या रकान्यात घालायचं
ते मला आजही कळलेलं नाही.

पहिल्याच रात्री सतरा बरोबर.
नुसत्या अंदाजाने पाच यावेत. सतरा!
वीज गेलेली, खाली माग गप्प,
माझीच नाडी मला ऐकू येत होती.
पहाटेपर्यंत मी निबंधाचं पहिलं वाक्य
जुळवत बसलो.

सकाळी ती दारात. "मळ्ळी," म्हणाली.
मळ्ळी, म्हणजे पुन्हा.
"आता कशाला? सतरा आले की."
"काय वो सर. एक चादर बरी उतरली म्हणून
मागाला कुणी हार घालतं का?
व्यापारी म्हणतो, असल्याच दोनशे दे.
तिथं कळतंय."

जिन्यात जॅकार्डच्या पत्त्यांची माळ लोंबत होती,
भोकाभोकांची, तेलकट.
तिच्यातून तोच मोर निघतो,
माग नवऱ्याने चालवो की पोराने.

पाच. सहा. चार.
एकदा नऊ आले, दोघांनीही श्वास धरला.
दुसऱ्या दिवशी तीन.

मग एका दुपारी, शेंगा फोडता फोडता:
"त्या रात्री लाईट नव्हती, सर.
कंदील तुमच्या खांद्यामागं होता."

मी चांदणीचा पत्ता उजेडावर धरला.
पुठ्ठ्यातून ती आरपार दिसली, फिकट,
आणि तिच्या अंगावर वधूवरांची नावं.

"म्हणजे तुला दिसत होतं?"
"दिसत होतं का सुचत होतं,
माझं मला कसं कळणार?
म्हणून तर मळ्ळी म्हटलं."

निबंध गेला नाही.
जाड पुठ्ठा आणला, मधे पडदा लावला,
गणपतीपर्यंत बसलो. पाच, पाच, सहा.

दिराचं मी कधी विचारलं नाही.
तिनेही काढलं नाही.
दीर काही मळ्ळी मरत नाही.

वहीतले सतरा खोडलेले नाहीत.
शेजारी शिसपेन्सिलीने
एक कंदील काढलाय.