बत्तीसची पंचवीस

कारखान्याने पंचवीसची काडतुसं करणं सोडलं
त्याला किती वर्षं झाली, सिग्नेला पाठ आहे.
मला एवढंच ठाऊक, की बत्तीसच्या पुंगळ्या अजून मिळतात,
पोष्टाने, पन्नासच्या पिशवीत,
आणि बुडाशी दोघींचं माप एकच.
भांडण काय ते गळ्याशी.

फेब्रुवारी. गॅरेजच्या दाराखालून चिनूक वारा शिरतो,
दोन दिवसांत अंगणातला बर्फ खाऊन टाकतो
आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उणे वीस.
मी मेणबत्ती लावतो, दिवा घालवतो.
पुंगळी बुडाशी चिमटीत धरायची,
तोंड ज्योतीत, फिरवत, फिरवत.
बोटांना सोसेना झालं की सोडायची
ओल्या फडक्यावर. चर्र.
बाबांनी शिकवलेलं हे एकच शास्त्र:
चटका बसला की धातू मऊ होतो.
माणसांचं ते काही बोलले नाहीत.

मग अंगठ्याने लॅनोलिन, पुसटसं.
प्रेसचा दांडा खाली ओढताना
कानाआधी हाताला कळतं:
आधी काहीच नाही,
मग हट्ट,
मग एकदम कबुली.
साच्यातून निघते ती बारीक मानेची, खांदे फुटलेली,
नखभर उंचही झालेली. ती उंची कापायची.
काठ आतून बाहेरून घासायचा.
बुडावरचा छाप मात्र बत्तीसचाच राहतो,
आजोबांच्या पेटीवर जसं ते नाव आहे
जे बोटीतून उतरल्यावर इथे कुणाच्या जिभेला वळेना.

रायफल सिग्नेची. बाराव्या वर्षी मिळाली,
कारण गव्हात गोफर माजले होते
आणि बाबा शेपटीमागे दोन सेंट द्यायचे.
माझा नेम असा, की गोफर बसून बघायचे.
म्हणून मी काडतुसं भरायला बसलो.
सदुसष्ट वर्षं झाली, बसलोय.

आता तिच्या नजरेच्या मधोमध डाग आहे.
कडेकडेचं दिसतं तिला. म्हणते,
हाल्व्होर, तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही,
आणि त्यात फारसं काही बुडालं नाही.

रविवारी मी तिच्या टेबलावर टॉवेल पसरतो,
कॉफीच्या डब्यातून पुंगळ्या ओततो.
ती अंगठ्याचं नख प्रत्येकीच्या गळ्यावरून नेते.
ही बरी. ही बरी.
हिच्या खांद्यावर खळी. तेल जास्त चोपडलंस.
ही बरी.
ही फाटणार.
कुठे फाटणार? मी चष्मा लावला, वर भिंग धरलं,
केसाएवढी रेघ नाही.
पन्नासातल्या सात तिने बाजूला सारल्या.
एकेक डॉलरची, मी म्हणालो.
डोळे दोन आहेत, ती म्हणाली, तुझे. अजून चालतात.

ती एक मी खिशात टाकली.
पुढच्या रविवारी नव्या खेपेत मिसळली,
घासूनपुसून, मधोमध.
तेवीस झाल्या, चोवीस झाल्या,
आणि तिचं नख थांबलं.
तिने ती खालच्या ओठाला लावली,
बाटलीत फुंकतात तशी हलकी फुंकर मारली.
हिला मी ओळखते, म्हणाली.
पितळ उघडं पडलं, दुसरं काय.
घरी येऊन मी पक्कडीत धरून जरासा दाब दिला.
उकलली. मानेपासून खांद्यापर्यंत,
सरळ.

एप्रिलमध्ये गोफर वर येतील.
या वर्षी बार मी काढायचा असं ठरलंय,
ती शेजारी खुर्ची टाकून बसणार,
शीळ ऐकून सांगणार: डावीकडे. अजून डावीकडे.
गोफर बसून बघेल.
मी लिव्हर खाली ओढेन, पुंगळी उडेल,
आणि लागला का हे न विचारता
ती हात पुढे करेल,
गरम आहे तोवर दे.