सतरा चोक

माझ्या खिडकीतून माणूस छातीपासून कपाळापर्यंतच दिसतो,
बाकीचा भिंतीत.
लाखांदूरच्या दवाखान्यात अकरा वर्षं मी असंच बघते आहे
गाव: अर्धं, वाकलेलं, चिठ्ठी पुढे करणारं.

सयत्राबाई वलथरेंनी डबी ठेवली.
नवऱ्याची तंबाखूची, राखेनं घासून लख्ख केलेली.
आता तिच्यात आमच्या पांढऱ्या गोळ्या.
मी ओतून मोजल्या.
पंधरा दिवसांच्या नव्वद दिल्या होत्या,
आज एक उरायला नको.
सतरा उरल्या.

"लय दुखलं तवाच देतो जी.
सवय लागते म्हंतेत लोकं.
अन् पुढं अजून दुखन, तवासाठी ठेवल्या."
बियाण्याचं धान राखावं
तशा राखलेल्या.

माझं काम मोजायचं.
दुहेरी कुलपाचं कपाट, लाल रजिस्टर:
दिल्या, उरल्या, सही.
पण पेन थांबलं, आणि
शाळेतला पाढा तोंडात आला,
सतरा चोक अडुसष्ट.
अडुसष्ट तास अंतारामजी
भिंतीकडे तोंड करून,
हाक न निघणारा जबडा तळहातात धरून,
आणि औषध उशापाशी
डबीत सुखरूप.

रागावले. तिच्यावर थोडी,
स्वतःवर जास्त.
"दर चार तासांनी" असं मीच म्हणाले होते,
जिच्या घरी घड्याळ नाही तिला.

रांग थांबवली. पाकीट उलटं केलं.
कोंबडा काढला, तो बदकासारखा झाला.
मग राइस मिलचा दहाचा भोंगा,
शाळेची दुपारची सुट्टी,
तळ्यावरून डोंगे परततात ती वेळ.
निजताना दोन, एकदम,
म्हणजे मधे उठायला नको.
"दुखायची वाट बघू नका, बाई.
धुरा फुटायच्या आधी माती टाकता ना, तसं.
नशेसाठी घेणारा वेगळा, दुखण्यासाठी घेणारा वेगळा."
आणि पोट साफ होतं का, विचारलं.
ती पदराआड हसली. मागचे दोघेही.
"हसू नका. ही बाटली त्याचीच.
रोज. न चुकता."

पुढच्या खेपेला डबी रिकामी आली.
"झोपते जी आता.
काल जाळं मांगतलं, शिवाले."
रजिस्टरात शून्य
जरा मोठंच काढलं गेलं.

पौषात ती एकतीस घेऊन आली.
कपाळ बघूनच कळलं होतं,
तरी मोजल्या. नियम आहे.
अंगठा घेतला.
पाकीट मात्र तिनं परत दिलं नाही.
"मिलचा भोंगा वाजला का
हात डबीकडं जाते जी माहा,"
म्हणाली, आणि तो हात आत सरकवला,
जणू माझ्याकडे त्यावर काही असेल.

मी धरला.
या खिडकीतून मनगटापर्यंतच पोचता येतं.
मागून कोणीतरी
खोकल्याचं औषध मागत होतं.