बाद

तेहतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी नोटा तपासल्या. मोजल्या नाहीत, तपासल्या.
भाचरं अजून म्हणतात, मावशी, एखादी तरी आणायचीस.

शाई पसरली, आकडा सरकला,
कडेला केसाएवढी पांढरी रेघ: बाद.
बोट जिभेला लावायचं नाही, हा पहिला नियम.
वाटीत ओला स्पंज असे.
आता तो नियम मोडायचा म्हटलं तरी मोडता येत नाही,
तोंडात थुंकीच नाही.

कॅनडा कॉर्नरच्या डॉक्टर बोरस्त्यांनी
ओठाच्या आतून तांदळाएवढा तुकडा काढला
आणि आठवड्यानं म्हणाले,
तुमच्याच पांढऱ्या पेशी, गांगुर्डेबाई,
तुमच्या लाळग्रंथींना परक्या समजतात.
म्हटलं, म्हणजे तपासनीस चळला.
ते हसले. मी नाही.
हसताना ओठ दाताला चिकटतो.

चिवडा सुटला. भाकरी घोटाघोटानं.
उशाशी तांब्या, डोळ्यांत विकतचे थेंब,
आणि डाव्या कानाखाली गाठ,
अर्ध्या द्राक्षाएवढी. दुखत नव्हती.
दुखत नाही, हेच त्यांना आवडलं नाही.

लहानपणी कधी मोठा ताप?

एकोणऐंशी साल. भगूरची शाळा, कबड्डीचा संघ.
एक शिट्टी, एक लोटी, एका पेरूला सात तोंडं.
मग तीन आठवडे अंथरूण,
मानेला दोन्हीकडून सुपाऱ्या.
आई म्हणाली गालफुगी,
गेरूचा लेप दिला, वरून मफलर गुंडाळला.
बाविसाव्या दिवशी मी चिंचेवर चढले.
बरी झाली, सगळे म्हणाले.
गेला मात्र नव्हता तो.
पांढऱ्या पेशीच्या आत,
तपासनिसाच्याच खिशात
चिठ्ठीसारखा घडी होऊन राहिला.

डॉक्टर कागदावर गोल काढत होते.
त्या विषाणूचं एखादं अक्षर
तुमच्या अक्षरासारखं असेल, कदाचित.
त्याला शोधता शोधता पहारा घरच्यांवर उठला, कदाचित.
मग वर्षानुवर्षं त्याच जागी गर्दी,
पेशीवर पेशी छापली जाते,
एका छापात चूक होते
आणि ती चूक बाद करायला कुणी उरत नाही.
कदाचित. सिद्ध करता यायचं नाही.

आमच्याकडे कदाचित चालत नसे.
प्रत्येक तावाला यंत्र, पाळी, सही.
एकदा एक ताव कमी भरला, दारं बंद.
कुसुम अहिरेचं पोर घरी तापानं फणफणलेलं,
तरी रात्री आठपर्यंत कुणाला सोडलं नाही.
सापडला. पंख्यानं उडून कपाटामागे गेलेला.
कुसुम त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती,
चपला शोधत होती.

कमी पडलेला ताव सापडतो.
जास्तीचा कोण शोधणार?
आणि पंचेचाळीस वर्षांनी
कुठल्या पाळीची सही मागणार?

सोमवारपासून सलाईन.
त्या जातीच्या सगळ्या पेशी, शहाण्या आणि चळलेल्या,
एकदम घरी पाठवायच्या.
पुढे काही महिने आत पहारा कमी,
गर्दीत जाऊ नका, मास्क लावा,
कुणाचं उष्टं पिऊ नका.
उष्टं! म्हटलं, ते सेहेचाळीस वर्षं उशिरा सांगताय.

द्वारकेवरून शेअर रिक्षा.
पोरानं सुट्टे दिले, त्यात वीसची एक,
मधोमध फाटलेली, चिकटपट्टी लावलेली,
कुणीतरी वर हळदीचा अंगठा उमटवलेला.
सवयीनं उजेडाला धरली.
पोरगं ओरडलं, मावशी, चालते ती, खरी आहे.
दिसतंय मला, म्हटलं.
आमच्या टेबलावर ही पहिल्या नजरेत बाद.
इथे सकाळपासून किती हात फिरून आली असेल.

घडी मोडली होती तिथेच पुन्हा घातली,
पिशवीत ठेवली,
आणि मग बाटलीचं झाकण उघडून
पाण्याचा एक घोट
तोंडात धरून बसले, नाशिकरोड येईपर्यंत.